जुन्या रेच्यावरचा पेटंट नंबर आणि फसली सनाचे कागद: डिजिटल अभिलेखागारात शोध कुठून सुरू करायचा?

सेलूकर_रुई (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

सेलूतल्या एका बंद जिनिंग-प्रेसिंगची माहिती जमवणं चालू आहे. ग्रंथालयात छोटं प्रदर्शन मांडायचंय, त्यामुळं नुसत्या ऐकीव गोष्टी चालणार नाहीत, प्रत्येक पाटीखाली कागदाचा आधार हवा.

हाताशी आहे ते असं. एक रोलरचा रेचा (कापसातली सरकी वेगळी करायचं यंत्र), बिडाच्या चौकटीवर 'प्लॅट ब्रदर्स अँड कंपनी लिमिटेड, ओल्डहॅम' अशी उठावाची अक्षरं. बाजूला पितळी पट्टी, तिच्यावर 'पेटंट' आणि पाच आकडी नंबर: पहिला 1, दुसरा आकडा झिजलेला, मग 437. वर्ष कुठंच नाही. शेजारी तेलावरचं इंजिन, त्यावर 'रस्टन अँड हॉर्न्सबी, लिंकन'. कागदांपैकी एक उर्दूतला, एकाच पानाचा, त्यावर 1334 फसली (निजामाच्या राज्यातला सन) आणि 'तीर' महिना असल्याचं वाचून दाखवणारे सांगतात. रक्कम 3,500 हाली. दुसरा मोडीतला, जागेचं खरेदीखत, शके 1846 माघ वद्य.

गूगल पेटंट्सवर 'कॉटन जिन' टाकलं तर हजारो निकाल, त्यात बहुतेक अमेरिकेचे. नुसता नंबर टाकला की दिवे, कुलपं, सायकली असं काहीही येतं. जमिनीच्या जुन्या अभिलेखांच्या पोर्टलवर सेलूखाली काही सापडंना. आर्काइव्ह डॉट ऑर्गवर मराठीत शोधलं तर शून्य.

नेमका क्रम काय धरावा? आणि झिजलेल्या आकड्याचं काय करायचं?

---

पेटंट_पडताळणी

आधी पट्टी वाचून घ्या, संगणक नंतर. पितळेवर तारेचा ब्रश, चिंच, पॉलिश यातलं काहीही लावू नका. झिजलेल्या आकड्याच्या उरल्यासुरल्या कडा त्यानंच जातात. अंधार करून टॉर्च पट्टीच्या अगदी बाजूनं, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून धरा आणि चारही दिशांनी एकेक फोटो घ्या. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत न दिसणारा आकडा आडव्या उजेडात सावलीनं उठून दिसतो. तरीही जमलं नाही तर पातळ कागद वर ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवा.

त्याच वेळी 'पेटंट' या शब्दाच्या आगेमागे काय आहे तेही बघा. 'रजिस्टर्ड' किंवा नुसतं 'आर-डी' असेल तर तो पेटंटचा नंबर नव्हेच, नोंदवलेल्या डिझाइनचा आहे. त्याची मालिका 1884 पासून वेगळी चालते आणि ती लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये शोधावी लागते. बिडातच ओतलेला उठावाचा नंबर बहुधा साच्याचा असतो, त्याचा पेटंटशी संबंध नाही. तुमचा नंबर वेगळ्या पट्टीवर आणि 'पेटंट'नंतर आहे, म्हणजे वाट बरोबर आहे.

आता मुख्य गोष्ट. ब्रिटिश पेटंटांचे क्रमांक 1852 ते 1915 या काळात दर वर्षी पुन्हा एकपासून सुरू व्हायचे. 1916 पासून 1,00,001 अशी सलग मालिका सुरू झाली. त्यामुळं वर्षाविना पाच आकडी नंबर टाकला की दर वर्षीचा एक असे ढीगभर निकाल येणारच. दिवे आणि कुलपं त्यातूनच आली. पण हाच नियम उपयोगीही पडतो. 1883 पर्यंत तिकडे वर्षाला जेमतेम सहा हजार अर्ज यायचे, 1883 चा कायदा 1884 मध्ये लागू झाल्यावर आकडा एकदम सतरा हजारांवर गेला. म्हणजे तुमचा 1 ने सुरू होणारा पाच आकडी नंबर ब्रिटिश असेल तर तो 1884 ते 1915 मधलाच. सहा आकडी असता तर 1916 नंतरचा.

एकेक वर्ष लावून बघत बसू नका, वर्गीकरणानं घुसा. रेच्याचा वर्ग डी-01-बी 1/04 (अक्षरं रोमनमध्येच टाकायची). गाठी बांधायच्या प्रेसचा वर्ग बी-30-बी 9/30, तोही लिहून ठेवा. गूगल पेटंट्समध्ये शब्दांचा रकाना रिकामा ठेवा, वर्गाच्या रकान्यात हा वर्ग, देश ग्रेट ब्रिटन, तारीख 1920 च्या आधी. निकालाच्या वर यादी सीएसव्हीत उतरवायची सोय आहे. ती एक्सेलमध्ये उघडा आणि क्रमांकाच्या रकान्यात 437 ने संपणारे तेवढे गाळून घ्या. क्रमांकाची मांडणी अशी: जी-बी, मग चार आकडी वर्ष, मग पाच आकडी क्रमांक, शेवटी ए. म्हणजे 1909 सालचा 13437 हा जीबी190913437ए असा दिसेल. (हा फक्त नमुना, तुमचा तोच असेल असं नाही.) तीन-चार उमेदवार राहतील, त्यांची चित्रं उघडून मशिनीशी ताडून बघा.

तीच यादी एस्पासनेटवरही (युरोपीय पेटंट ऑफिसचं शोध-संकेतस्थळ) काढा. दोन्हीकडं सगळं सारखं नसतं आणि जुन्या ब्रिटिश पेटंटांची मूळ पानं तिथं जास्त स्वच्छ मिळतात.

कंपनीच्या नावानं शोधून हाती काही लागलं नाही तर निराश होऊ नका. त्या काळी अर्जात खऱ्या शोधकाचं नाव लागायचंच, त्यामुळं सूचीत बरेचदा कारखान्यातल्या माणसाचं नाव आधी येतं आणि कंपनी मागं राहते किंवा दिसतच नाही. काही अर्ज तर लंडनच्या एजंटच्या नावावर, 'परदेशातून कळवलेला शोध' म्हणून दाखल झालेले असतात. शीर्षकंही मुद्दाम मोघम: 'कापसाच्या रेच्यांमधील सुधारणा', बस्स. काय सुधारलं ते शेवटच्या दाव्यांत (शोधक नेमका कशावर हक्क सांगतो त्या कलमांत) कळतं.

आणि हेही ध्यानात ठेवा की पट्टीवरचं पेटंट अख्ख्या रेच्याचं असण्याची शक्यता कमी. चामड्याचा रोलर, त्याला घासून बसलेली स्थिर सुरी आणि वरखाली हलणारी सुरी ही मूळ रचना फोन्स मॅकार्थीची, अमेरिकन पेटंट क्रमांक 1675, तारीख 3 जुलै 1840. नंतरच्या कारखानदारांनी पेटंटं घेतली ती कापूस आत ढकलण्याची पद्धत, सुरीचं अंतर कमीजास्त करण्याची सोय, क्रँकची जोडणी असल्या तुकड्यांची. प्रदर्शनाच्या पाटीवर 'या रेच्याचं पेटंट' लिहाल तर चूक ठरेल. 'या रेच्यातील अमुक भागाचं पेटंट' असं लिहा.

---

गोदाकाठचा_फिटर

वरचं सगळं खरं, पण साल काढायला पेटंटवर विसंबू नका भाऊ. पेटंट 1900 चं असलं तरी मशीन 1920 ची निघू शकते. पेटंटवरून एवढंच कळतं की मशीन त्याच्या *आधीची* नाही.

नावाच्या पाट्या जास्त बोलतात. प्लॅटच्या नावापुढं 'लिमिटेड' आहे म्हणजे 1868 नंतरची, कारण कंपनी लिमिटेड झाली त्या साली. हे फारच ढोबळ झालं. इंजिनाचं मात्र पक्कं सांगता येतं: रस्टन प्रॉक्टर आणि हॉर्न्सबी या दोन कंपन्या 1918 मध्ये एक झाल्या. 'रस्टन अँड हॉर्न्सबी' अशी पाटी असेल तर इंजिन 1918 च्या आधीचं असूच शकत नाही. इंजिनावर सिरियल नंबर कुठं ना कुठं ठोकलेला असतो, फ्लायव्हीलच्या बाजूचं किट्टन हलक्या हातानं रॉकेलच्या फडक्यानं पुसून बघा. असल्या ब्रिटिश कारखान्यांची कुंडली ग्रेसेस गाइड या संकेतस्थळावर बऱ्यापैकी मिळते, जुन्या जाहिरातींसकट. प्लॅटचे मूळ कारखानदारी कागद इंग्लंडात प्रेस्टनच्या लँकेशायर आर्काइव्हजमध्ये आहेत. सूची ऑनलाइन, कागद मात्र मागवावे लागतात.

रेल्वेच्या पावत्या, बिल्ट्या सापडल्या तर फेकू नका. शिरोभागी 'एनजीएसआर', म्हणजे निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे असेल तर ती 1930 च्या आधीची. त्या साली रेल्वे निजाम सरकारनं स्वतःकडं घेतली आणि 'गॅरंटीड' गळालं. मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज लाइन 1900 च्या सुमाराला पडली. तिच्या आधी वाफेवरची अवजड मशिनरी सेलूपर्यंत बैलगाडीनं आणणं किती अवघड, ते तुम्हीच बघा.

---

फसली_ते_इसवी

कागदांकडं येतो. तुम्ही मराठीत आणि आजच्या जिल्ह्याच्या नावानं शोधायलाव, तिथंच गाडं अडतंय.

मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात, नंतर 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात. त्यामुळं मुंबईच्या दप्तरात डोकं घालून काही उपयोग नाही. मोठ्या फायली तीन ठिकाणी विभागल्या आहेत: हैदराबादला तारनाक्याचं तेलंगणा राज्य पुराभिलेखागार, दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार, आणि जमिनीचे कागद जिल्ह्यात. दिल्लीचं पोर्टल 'अभिलेख पटल'. त्यावर नोंदणी करून इंग्रजीतच शोधा, कारण फायलींची शीर्षकं त्या काळच्या कारकुनांनी इंग्रजीत घातलेली आहेत. 'निझाम्स डोमिनियन्स', 'हैदराबाद रेसिडेन्सी' आणि सोबत 'कॉटन', 'जिनिंग', 'प्रेस' असे शब्द एकेक जोडी करून टाका, सगळे एकदम नकोत. निकाल आला की फाइलचा विभाग, वर्ष आणि क्रमांक हे तिन्ही जसंच्या तसं उतरवून घ्या. पुढं प्रत मागायची तर त्यावरच मिळते, शीर्षकावर नाही.

गावांची स्पेलिंगं इंग्रजी कागदात भलतीच. सेलूचं 'सैलू' (एस-ए-आय-एल-यू), नांदेडचं 'नांदेर', बीडचं 'भीर', जालन्याचं 'जौलना' असं सापडतं. अंबाजोगाई शोधू नका, 'मोमिनाबाद' शोधा. धाराशिवचं उस्मानाबाद झालं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, त्याआधीच्या कागदात नळदुर्ग जिल्हा बघा. आणि जिल्हे फुटलेत हे विसरू नका: जालना जिल्हा 1981 चा, लातूर 1982 चा, हिंगोली 1999 चा. परतूर त्याआधी परभणीत होतं. सेलू त्या त्या काळी कोणत्या तालुक्यात होतं ते 1967 च्या परभणी गॅझेटियरमध्ये आणि 1951 च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत पक्कं करून घ्या, मग पोर्टलवर तालुका निवडा. अभिलेखांच्या पोर्टलवर 'सापडत नाही' यातलं निम्मं प्रकरण चुकीच्या तालुक्याचं असतं. उरलेलं निम्मं म्हणजे तो दस्त अजून स्कॅनच झालेला नसतो. त्यासाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा. दस्ताचा प्रकार नेमका लिहा: सेतवार, खासरा पाहणी, पाहणी पत्रक, फेरफार. 'जुने कागद द्या' असा अर्ज कपाटातच पडून राहतो.

तुमच्या उर्दू कागदाची तारीख. हैदराबादी फसली वर्ष साधारण 6 ऑक्टोबरला सुरू होतं. महिने असे: आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दीबहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान. ऑक्टोबर ते डिसेंबरातल्या तारखेला 590 मिळवा, जानेवारीपासून पुढं 591. तीर म्हणजे मे-जून, म्हणून तीर 1334 फसली म्हणजे 1925 चा मे-जून. पडताळा घ्यायचा तर जहागिरी रद्द करणारा कायदा बघा: नावात 1358 फसली, तारीख 15 ऑगस्ट 1949. बरोबर 591. हिजरी सनाशी याची गल्लत करू नका, कित्येक कागदांवर दोन्ही असतात.

उर्दू आकडे वाचताना सर्वात जास्त घोटाळा पाच आणि शून्याचा. उर्दूत शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि आपल्याला शून्यासारखा दिसतो तो गोल म्हणजे पाच. दोन आणि तीन यांत फरक एका दात्याचा, घाईच्या लिखाणात तो गळतो. सात आणि आठ एकमेकांचे उलटे, त्यामुळं स्कॅन उलटा ठेवला गेला की सातचा आठ होतो. 1334 मध्ये दोन तीन आहेत, एकदा पुन्हा नीट बघून घ्या. रकमा तर कधी कधी आकड्यांत नसून सियाक (जुन्या फारसी हिशेबाच्या) खुणांत असतात, त्या फारसी-उर्दू कागद वाचणाऱ्यालाच समजतात. अशा वेळी अक्षरी लिहिलेली रक्कम शोधा, ती खाली असतेच.

आणि 3,500 हाली म्हणजे 3,500 रुपये असं पाटीवर लिहू नका. हाली सिक्का निजामाचा, कलदार इंग्रजांचा. सरकारी दर 100 कलदारला 116 रुपये 10 आणे 8 पै हाली, म्हणजे सात हालीला सहा कलदार. तुमचे 3,500 हाली म्हणजे कलदार 3,000. रक्कम इतकी नेमकी बसतेय म्हणजे मूळ सौदा कलदारात ठरून हालीत उतरवला असण्याची शक्यता आहे. कागदात कुठं 'कलदार' शब्द दिसतो का बघा.

---

सेलूकर_रुई

मनःपूर्वक आभार, सर्वांचे. पट्टीवर आडवा उजेड टाकला. दुसरा आकडा 3 किंवा 8, त्याहून पुढं जात नाही. बाजूला 'आर-डी' काही नाही. गाळलेल्या यादीत दोन उमेदवार उरलेत, पण एकाची पानं एस्पासनेटवर उघडतात आणि दुसऱ्याचं नुसतं शीर्षक येतं.

आणखी एक विचारतो. हे ब्रिटिश पेटंट असलं तरी त्याची नोंद इकडं भारतातही केली असेल का? सेलू तेव्हा निजामाकडं होतं, मग ती कुठं शोधायची?

---

पेटंट_पडताळणी

3 की 8 यावर फार वेळ घालवू नका, चित्रच निकाल देईल. जुन्या ब्रिटिश पेटंटाच्या पहिल्या पानावर तीन तारखा असतात: अर्जाची, संपूर्ण तपशील दिल्याची आणि स्वीकारल्याची. क्रमांकातलं वर्ष अर्जाचं. डेटाबेसमध्ये दिसणारी तारीख प्रकाशनाची, ती पुष्कळदा पुढच्या वर्षात पडते. दोन वर्षं वेगळी दिसली म्हणून उमेदवार बाद करू नका. ज्याची पानं उघडत नाहीत तो क्रमांक दुसऱ्या ठिकाणी टाकून बघा.

चित्र ताडताना अख्खी मशीन बघू नका. दाव्यात जो भाग सांगितलाय तेवढाच मशिनीवर शोधा: बोल्टची जागा, सुरीला धरणारा दांडा, स्प्रिंग आहे की वजन. मशिनीत तो भाग नंतर बदललेला असू शकतो, रोलरचं चामडं आणि सुऱ्या तर हमखास.

भारतातल्या नोंदीचं असं आहे. इकडं पहिला कायदा 1856 चा, तो रद्द होऊन 1859 चा आला, मग 1888 चा, मग 1911 चा. आधीच्या कायद्यांत 'पेटंट' म्हणण्याऐवजी 'एक्स्क्लुझिव्ह प्रिव्हिलेज' म्हणत, म्हणून 1911 आधीचे कागद शोधताना हाही शब्द टाका, नाहीतर निम्मे निकाल सुटतात. पेटंट ऑफिस कलकत्त्याला, आणि सूचना गॅझेट ऑफ इंडियात छापल्या जात. पण हे सगळं ब्रिटिश हिंदुस्थानापुरतं. 1911 चा कायदाही निजामाच्या मुलखाला आपोआप लागू नव्हता. त्यामुळं भारतीय नोंद सापडली तरी ती मुंबई-वऱ्हाडच्या बाजारासाठी असणार. सेलूत मशीन बसवायला तिची गरज नव्हती.

सरकारच्या इनपास या पेटंट-शोध संकेतस्थळावर भारतीय पेटंट शोधायचं तर हातात क्रमांक असू द्या. जुन्या नोंदींत नुसत्या शब्दांवर भिस्त ठेवू नका.

---

मोडी_शिकतो_शिकवतो

मोडी खताबद्दल थोडं.

शके 1846 मध्ये 78 मिळवले की 1924, पण तुमचा महिना माघ. शके वर्ष गुढीपाडव्याला सुरू होतं, पौषात जानेवारी लागतो, म्हणून माघाला 79 मिळवायचे: फेब्रुवारी 1925. उर्दू कागद त्याच वर्षीच्या मे-जूनचा. म्हणजे आधी जागा घेतली आणि तीन-चार महिन्यांनी उर्दू कागद झाला. जागेच्या मागोमाग परवाना किंवा मशिनरीची रक्कम, असा काही व्यवहार असावा, पण हा तर्कच. उर्दू कागदातला मजकूर नेमका कशाचा आहे ते पूर्ण वाचून घ्या, मग दोन्ही एकाखाली एक मांडा.

खरेदीखतात चतुःसीमा असतेच, मोडी वाचणाऱ्याकडून आधी ती काढून घ्या. पूर्वेला कोणाचं, पश्चिमेला रस्ता की रेल्वेची हद्द. त्यावरून आजचा सर्व्हे नंबर लावता येतो, आणि सर्व्हे नंबर हाती आला की वरच्या पोर्टलवर शोध एकदम सोपा होतो. खताच्या मागं स्टॅम्प विकणाऱ्याची नोंद असते, तीही स्कॅन करा. लोक पुढचीच बाजू स्कॅन करतात.

मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, आणि घाईच्या हातात न, त, ल ओळखणं अवघड जातं. मोबाइलवरची वाचून देणारी साधनं मोडीला आणि हाताच्या उर्दूला अजून भरवशाची नाहीत. ती वाचता न आलेली जागा कोरी सोडत नाहीत, ऐटीत काहीतरी भरून देतात. नावं, रकमा आणि तारखा माणसाकडूनच वाचून घ्या.

स्कॅन 300 डीपीआयच्या खाली नको, मोडीला 400 बरा. रंगीत ठेवा, काळा-पांढरा करू नका. शाईचा आणि डागाचा फरक रंगातच दिसतो.

---

सूची_करणारी

आर्काइव्ह डॉट ऑर्गचं राहिलं. तिथं डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची लाखो पुस्तकं चढवलेली आहेत, पण शीर्षकं आणि सालं अनेक ठिकाणी चुकीची भरलेली, मराठी नावं विचित्र रोमन स्पेलिंगात. म्हणून मराठीत शून्य येतं. शोधपट्टीखाली 'मजकुरात शोधा' असा पर्याय असतो, तो निवडा, नाहीतर ते फक्त शीर्षकांत शोधतं. 'जिन' एकटा शब्द टाकला तर दारूची पुस्तकं येतील. 'जिनिंग फॅक्टरी' आणि जुन्या स्पेलिंगातलं गाव अशी जोडी अवतरणचिन्हांत टाका. ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द ओसीआरला (स्कॅनमधली अक्षरं ओळखणाऱ्या संगणकाच्या साधनाला) दोन शब्द वाटतो, त्यामुळं पहिल्या खेपेला न सापडलेलं पान 'प्रेसिंग' या शब्दानं सापडू शकतं.

तुमच्या कामाची पुस्तकं मी सांगते. 'लार्ज इंडस्ट्रियल एस्टॅब्लिशमेंट्स इन इंडिया' या सरकारी मालिकेत कारखान्यांची यादी असते, संस्थानांसकट. वेगवेगळ्या वर्षांचे अंक काढून त्यात सेलू येतं का, कोणत्या वर्षापासून येतं, ते बघा. ठॅकरची डिरेक्टरी त्याच कामाची. 1909 चं इंपीरियल गॅझेटियर, हैदराबाद संस्थानाचा खंड, तुमच्या 1925 च्या आधीचं चित्र देतं. निजाम सरकारचं राजपत्र म्हणजे 'जरीदा-ए-एलामिया', उर्दूत. सुट्या अंकांसाठी हैदराबादलाच विचारणा करावी लागते. तारीख हातात असल्याशिवाय ती करू नका, फसली महिना-साल सांगितलं तरच गठ्ठा निघतो.

गाठींचे आकडे सापडले तर एकक तपासा. त्या काळची मुंबईची खंडी 784 पौंडांची आणि तिच्यात 392 पौंडांच्या दोन गाठी. आजची गाठ 170 किलोची. 392 पौंड म्हणजे जवळपास 178 किलो, तेव्हा जुन्या आणि आजच्या गाठींची संख्या थेट शेजारी मांडली तर फसगत होईल.

पेटंटाचं चित्र मोठं करून छापायचं असेल तर डेटाबेसमधलं पीडीएफ पुरेसं नाही. ती पानं काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत साठवलेली असतात, ए-3 पेक्षा मोठं केलं की बारीक रेघा तुटतात. ए-4 वरच छापा आणि शेजारी मशिनीच्या त्याच भागाचा फोटो ठेवा. आर्काइव्हवरच्या पुस्तकातलं चित्र हवं असेल तर पीडीएफ न घेता जेपी-2 प्रतिमांची झिप घ्या, तिच्यात मूळ तपशील टिकतो.

फाइलची नावं सुरुवातीपासून एका धाटणीत ठेवा: संस्था, फाइल किंवा पेटंट क्रमांक, छापील पान क्रमांक. आर्काइव्हच्या पत्त्यात दिसणारा पान क्रमांक छापील पानाशी जुळत नाही, मुखपृष्ठापासून मोजलेला असतो. पाटीवर छापीलच द्या.

---

फसली_ते_इसवी

एक पुस्ती. अभिलेखाच्या पोर्टलवरून उतरवलेली साधी प्रत प्रदर्शनाला चालते. पण जागेच्या मालकीवरून कोणी विचारणा केली तर तीच प्रत पुढं करू नका, त्यासाठी तहसील किंवा भूमी अभिलेख कार्यालयाची सही-शिक्क्याची नक्कल लागते. खरेदीखतातल्या कुळाची किंवा वारसांची नावं आजही गावात असतील, तेव्हा खत भिंतीवर लावण्याआधी त्या घरच्यांना एकदा दाखवा. चतुःसीमेचा भाग तर झाकूनच लावलेला बरा.